काळ्या जाकिटावरचा पांढरा कोळी

नाशकात नव्वदच्या दशकात ज्यांची लग्नं झाली, त्यांतल्या निम्म्या नवरदेवांना कॅमेऱ्यासमोर मी हसवलं आहे. उरलेले निम्मे हसण्याच्या पलीकडे गेलेले होते, तिथे माझा इलाज नव्हता. पंचवटीत, मालेगाव स्टँडच्या उताराला माझा स्टुडिओ होता. पुढे बाकडं, त्यामागे काश्मीर रंगवलेला पडदा आणि पडद्यामागे माझी डार्करूम. संपादक म्हणाले, गिऱ्हाइकांवर लिहा. गिऱ्हाइकांचं काय, ती येत आणि जात. त्या जागेत कायमचा मुक्काम एकाच जिवाचा होता आणि त्याला आठ पाय होते.

हा जाळं विणणारा कोळी नव्हे. जाळंवाला बरा, त्याचा पत्ता ठरलेला असतो. हा मोठा, तपकिरी, चपटा, भिंतीवर पंजा पसरल्यासारखा बसणारा. मी त्याला बशीएवढा सांगतो. माझी बायको सुमन वाटीएवढा म्हणते, कारण तिने तो दारातूनच पाहिला आणि दार लगेच लावून घेतलं. नाशकात असं घर नाही जिथे मोरीत, मीटरच्या पेटीमागे किंवा देवाच्या तसबिरीखाली हा राहत नाही. त्याची चाल विचित्र. पुढे बघतो आणि बाजूला पळतो. पळाला की दिसत नाही, थांबला की हलत नाही. आणि चपटा इतका, की जिथे तुम्ही पोस्टकार्ड सरकवू शकणार नाही तिथे तो कुटुंबासकट राहील.

आमच्या घरी लहानपणापासून शिकवण होती, कोळी अंगावरून गेला की मुततो आणि मुतला की फोड येतात. कमरेभोवती फोडांचा वेढा पूर्ण झाला की माणूस संपला. पुढे कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे एक प्राध्यापक फोटोला आले, त्यांनी मला समजावलं की हा कोळी गरीब आहे, माणसाला काही करत नाही, मुतण्याची गोष्ट खोटी. मी मान डोलावली. ते गेल्यावर सदरा काढून कंबर तपासली.

मग मारला का नाही, असं तुम्ही विचाराल. धंद्यामुळे. फिल्मवर जो थर असतो तो एक प्रकारच्या सरसाचा, आणि झुरळांना तो पेढ्यासारखा लागतो. माझ्या आधी त्या गाळ्यात ज्यांचा स्टुडिओ होता, त्यांच्या निगेटिव्हमधल्या नवऱ्या झुरळांनी नाकाच्या शेंड्यासकट खाल्ल्या होत्या. माझ्याकडे एकाही नवरीला झुरळ लागलं नाही. ही राखण आठ पायांची. मी दिवा लावायचो तेव्हा भिंतीवर झुरळाचे नुसते पंख चिकटलेले असत. ज्याची भीती वाटते त्याला माणूस नातं लावतो. मी तिला आक्का म्हणायला लागलो. बाई आहे हे मला कळलं, कारण एकदा ती पोटाखाली एक चपटी पांढरी टिकली धरून हिंडताना दिसली, चाराण्याच्या नाण्याएवढी. ती अंड्यांची थैली. ती धरलेली असताना आक्का खात नसे, पळतही नसे. नुसती उभी राहून माझ्याकडे बघायची.

एकदा एक बँकेतले साहेब पासपोर्टच्या फोटोला बसले होते. मी म्हटलं, हलू नका, आणि त्याच क्षणी त्यांच्या कानामागे, काश्मीरच्या सरोवरातून आक्का वर आली. बटण माझ्या हातून दाबलं गेलं. साहेबांनी तिला पाहिलं नव्हतं, पण तिला पाहणाऱ्या मला पाहिलं होतं. त्या फोटोवर त्यांचा पासपोर्ट निघाला. असं ऐकतो, की अजूनही परदेशात उतरले की तिथले अधिकारी त्यांना रांगेतून आधी बाहेर काढतात.

पुढे एकदा मी तिला हायपोच्या, म्हणजे फोटो पक्का करायच्या औषधाच्या, ट्रेमध्ये मेलेली पाहिली. पाय आखडलेले, पाण्यावर तरंगत होती. मला वाईट वाटलं असं लिहिलं असतं, पण आपण दिवाळी अंकात लिहितोय, खरं लिहावं. मी सुमनसाठी जिलेबी आणली. संध्याकाळी दिवा लावला तर आक्का भिंतीवर, आणि आधीपेक्षा मोठी. ट्रेमध्ये होती ती तिने टाकलेली कात. साप कात टाकतो हे आपण ऐकून असतो, पण कोळी सगळे आठ पाय मोज्यासारखे काढून ठेवतो आणि नवे घालून येतो, हे मला त्या दिवशी कळलं. जिलेबी मी एकट्यानेच संपवली.

आता डार्करूम म्हणजे काय, ते ज्यांनी मोबाइलवरच फोटो पाहिले त्यांना सांगतो. रोल कॅमेऱ्यातून काढला की अगदी काळ्याकुट्ट अंधारात एका चाकीवर गुंडाळायचा, चाकी डब्यात घालायची, झाकण लावायचं. तोवर उजेडाचा कण लागला तर सगळा रोल गेला. रोल धुऊन निगेटिव्ह झाली, की दुसरं काम. एनलार्जर नावाच्या उभ्या यंत्रात निगेटिव्ह अडकवायची, खाली कोरा कागद ठेवायचा आणि वरून मोजका उजेड सोडायचा. हे काम लाल दिव्यात चालतं. कागदावर उजेड पडतो तिथे तो काळा होतो, नाही पडत तिथे पांढरा राहतो. मग कागद औषधात बुडवायचा आणि पाण्यातून माणूस वर यावा तसा चेहरा वर येतो. मी हजारो चेहरे असे वर आणले. पुढे रंगीत लॅब आल्या, यंत्र तासाभरात फोटो ओकायला लागलं, आणि चेहरा वर येताना पाहणं बंद झालं. त्याचं मला अजून वाईट वाटतं. पण अंधाराचं नाही. अंधारात आक्का कुठे आहे हे कळायचं नाही, आणि मी कुठे आहे हे तिला कळत असायचं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

चैत्रात रामाचा रथ निघतो, त्याचा दुसरा दिवस होता. रथाच्या दिवशी मी कॅमेरा घेऊन गंगेवर, म्हणजे रामकुंडाच्या घाटावर, उभा राहायचो. बाहेरगावची माणसं पायऱ्यांवर फोटो काढून घेत, मी पत्ता लिहून घ्यायचो आणि फोटो पोस्टाने पाठवायचो. दुसऱ्या दिवशी भर दुपारी एक तरणा माणूस स्टुडिओत आला, घामाने निथळत.

"फोटोवाले, काल तुम्ही आमचा फोटो काढला," तो म्हणाला. "मामा हरवलेत माझे. सासरे. चौकीत फोटो मागताय. आमच्याकडे फोटो नाही. त्यांनी जन्मात एकच काढला, तो तुमच्याकडे."

माणसाचं नाव दौलत, मालेगावात यंत्रमागावर कामाला. सासरे नामपूरचे, झिपरू बाबा. मला ते लख्ख आठवले, कारण सगळे कॅमेऱ्याकडे बघत असताना हे नदीकडे बघत होते आणि एवढ्या उन्हात काळं जाकीट गळ्यापर्यंत बटणं लावून घातलेलं होतं. मुलीने, यमुनाने, हनुवटी धरून त्यांचं तोंड माझ्याकडे वळवलं होतं. संध्याकाळी रथ पाहताना तिचा हात सुटला आणि बाबा गर्दीत दिसेनासे झाले. यमुना कालपासून रामकुंडाच्या पायरीवरून हलली नव्हती. बाप परत आलाच तर तिथेच येईल, असं तिला वाटत होतं.

"येतील की विचारत विचारत," मी म्हटलं.

"काय विचारतील? मामा विसरतात. जेवले का ते विसरतात, घर विसरतात. माझं नाव तर कधीच विसरले. आणि बोलतात ते आमच्याकडचं, इथे कोणाला कळणार?"

मी त्याला बाकड्यावर बसवलं आणि आत गेलो. दिवा होता तोवर आक्का बटणाच्या वर बसलेली दिसत होती, पोटाखाली पांढरी टिकली घेऊन. मी बटण बंद केलं. हे बटण बंद करायला मला तिच्या पायाखालून हात घालावा लागला, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

अंधारात रोल गुंडाळायला लागलो. फिल्म अडकली. घाई केली की अडकते, ओढली तर फाटते. बाहेर दौलत खोकत होता. तेवढ्यात मनगटाला काहीतरी लागलं. हलकं, कोरडं, केसासारखं. ते फिल्मचं टोक असेल किंवा नसेल. हात झटकला असता तर त्या रोलमधला म्हातारा कायमचा गेला असता. मी हात झटकला नाही. तोंडाने रामरक्षा म्हणायला घेतली आणि मध्येच पाढे लागले. शेवटी चाकी डब्यात गेली, झाकण बसलं, दिवा लावला. भिंत रिकामी होती. आक्का कुठेच नव्हती. ती दिसली असती तर मी इतका घाबरलो नसतो.

रोल धुतला, पंख्याखाली वाळवला, बाबांची निगेटिव्ह एनलार्जरला लावली. लाल दिव्यात कागद ठेवला. त्या फोटोतून एकट्या बाबांनाच मोठं केलं, छातीपर्यंत. वरचा उजेड सोडला आणि मनात मोजू लागलो.

छताकडून ती कागदावर उतरली. पुढे बघत बाजूला चालत आली, टिकली पोटाशी धरून, आणि बरोबर कागदाच्या मध्ये थांबली. तिची थांबण्याची तऱ्हा मी वर सांगितलीच आहे. उजेड बंद करायचं बटण तिच्या पलीकडे होतं. माझा हात पुढे गेला नाही. माझे पायही गेले नाहीत, नाहीतर मी कधीच पेठ नाक्याला पोहोचलो असतो. उजेडाची वेळ झाल्यावर ती आपली सावकाश उतरली आणि टेबलाच्या फटीत गेली, एखाद्या बाईने फोटो काढून घेऊन उठावं तशी. मी लगेच बटण दाबून उजेड बंद केला.

कागद औषधात बुडवला. आधी पागोटं वर आलं, मग कपाळ, मग ते नदीकडे बघायचे डोळे. चेहरा स्वच्छ होता. मी सुटकेचा श्वास घेतला. मग जाकीट काळं होत गेलं, आणि त्या काळ्यावर, बरोबर छातीवर, आठ पाय पसरलेला पांढराशुभ्र कोळी उमटला. ती बसली होती तिथे उजेड पोहोचला नव्हता.

दुसरा कागद काढला, आणि लाइट गेली.

वाट पाहिली. लाइट आली नाही. दौलत दाराशी येऊन म्हणाला, "झाला का?" ओला फोटो त्याच्या हातात दिला. त्याने बघितला. बराच वेळ बघितला. "हे काय बसलंय मामांवर?" त्याला सांगितलं. तो म्हणाला, "तोंड दिसतंय ना? चला." मी माझी स्कूटर काढली, तो मागे बसला, फोटो वाऱ्यावर वाळवत आम्ही निघालो.

चौकीतल्या हवालदारांना मी उजेड, अंधार, कागद सगळं समजावलं. ते म्हणाले, "म्हणजे कोळी माणसावर नव्हता."

"नाही."

"मग माणसाच्या फोटोत कसा आला?"

मी पुन्हा समजावलं. ते म्हणाले, बरं, बरं, आणि खुर्ची मागे सरकवली. फोटो त्यांनी हातात घेतला नाही. टेबलावरूनच वाकून पाहिला आणि वायरलेसवर वर्णन सांगितलं. त्या वर्णनात पागोटं होतं, जाकीट होतं, उंची होती, आणि शेवटी थोडं थांबून कोळीही होता.

आम्ही कारंज्याच्या चौकात फोटो दाखवला. रिक्षावाल्यांनी मान फिरवली. हार विकणाऱ्या बाईने टोपलीवर ओलं फडकं टाकलं. एकाने विचारलं, हा माणूस जिवंत आहे का. दौलत प्रत्येकाला हात जोडून सांगत होता की तोंड बघा, तोंड बघा. लोक छातीकडेच बघत होते. आणि आमच्या स्कूटरपेक्षा बातमी जोरात पळते, हे निमाणीच्या बसस्टँडवर कळलं. तिथे शेंगा विकणाऱ्या एकाने आम्हालाच थांबवलं.

"पेठ नाक्याकडे जात असाल तर जाऊ नका," तो म्हणाला. "एक म्हातारा फिरतोय तिकडे. छातीवर पांढरा कोळी, परातीएवढा. ज्याच्याकडे बघेल त्याच्या अंगावर फोड."

"तुम्ही पाहिला?"

"पाहिला असता तर इथे शेंगा विकत बसलो असतो का?"

ही थाप माझी नव्हे, हे इथे नोंदवून ठेवतो. माझ्या थापा बऱ्या असतात, कोणाला लागत नाहीत. पण मी खूश झालो होतो. म्हटलं, दौलतराव, दिशा तर कळली. दौलतचा चेहरा उतरला होता. त्याने फोटो सदऱ्याच्या आत घातला.

"फोटोवाले, जोरात घ्या," तो म्हणाला. "ही माणसं घाबरलीत. मामांना काही बोलता येणार नाही, आणि ही घाबरलीत."

मी किक मारली. तोवर आम्ही हरवलेला म्हातारा शोधत होतो. आता आम्हाला त्याच्यापर्यंत इतरांच्या आधी पोहोचायचं होतं.

पेठ नाक्यावर अर्धी दारं लावलेली. एका खिडकीतून एक हात आला आणि मखमलाबादच्या रस्त्याकडे बोट दाखवून आत गेला. मी स्कूटर इतकी पिळली, की तिचा एक भाग अजून त्या रस्त्यावर पडलेला आहे. दोन्हीकडे गुलाबाचे मळे, द्राक्षाच्या बागा, आणि माणूस नाही. मग एका मळ्याच्या बांधाला गर्दी दिसली. सगळे पाठमोरे, सगळे थोडे मागे रेललेले, हातात काठ्या.

आत, गुलाब बांधायच्या छपरात, एका उलट्या क्रेटवर झिपरू बाबा बसले होते. हातात चहाचा ग्लास. समोर मळ्याची मालकीण काशीबाई उभी, हात पसरून. आणि तिच्यासमोर एक आडदांड गडी, पाठीवर द्राक्षाच्या फवारणीचा पंप, नळी बाबांच्या छातीवर रोखलेली. बागाईतदाराची ही तऱ्हा. कीड दिसली की पंप चढवायचा, मग ती पानावर असो की माणसावर. औषधाचा वास आमच्यापर्यंत येत होता.

"मावशी, बाजूला व्हा," तो गडी म्हणत होता. "लय वेळ सांगतोय. लांबूनच मारतो. डोळ्यांत नाय जाऊ देत."

"तुझ्या बापावर मार आधी," काशीबाई म्हणाली. "रात्रभर माणूस चाललाय, पायाची सालं निघालीत. चहा पिऊ दे त्याला."

"मग त्याला म्हणा जाकीट काढ. का काढत नाय? हाय ना आत काहीतरी?"

बाबांना एक शब्द कळत नव्हता. ते जाकीट घट्ट धरून सगळ्यांकडे पाहुण्यासारखं हसून बघत होते. नळी वर झाली की तिच्याकडेही हसून बघत होते.

दौलत मामा मामा करत पुढे धावला, तर दोघांनी त्याला काठ्या आडव्या घातल्या. मी ओरडून सांगितलं, कोळी माझा आहे, माझ्या स्टुडिओत आहे, माणसावर नाही. पंपवाल्याने माझ्याकडे वळून पाहिलं. "मग लावा हात," तो म्हणाला. "याच्यावर हात ठेवा, आम्ही बघतो."

"मी लावतो," दौलत म्हणाला.

"तू घरचा. घरच्यांना नाय होत ते. हे लावतील."

म्हणजे मी. वाचकहो, त्या सगळ्या जमावात तो कोळी कुठे होता हे ठाऊक असलेला मी एकटा. मी स्वतः त्याला टेबलाच्या फटीत जाताना पाहिलं होतं. मी पुढे गेलो, हात उचलला, आणि हात जाईना. मला त्या काळ्या जाकिटावर पांढरे पाय दिसत होते. खरोखर दिसत होते. थरथरत होते. पंपाचा दांडा एकदा खालीवर झाला, हवा भरल्याचा आवाज आला. काशीबाई माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "लावा हो. मी किती वेळ उभी राहू?"

मी डोळे मिटले आणि तळहात टेकवला. जाकिटाखाली काहीतरी हललं. जोरात, भराभर, बाहेर यायला बघत असल्यासारखं. माझी किंकाळी दातांपर्यंत आली आणि मग मला कळलं, ते त्यांचं काळीज होतं. तोंडाने हसणारा तो म्हातारा आतून असा धडधडत होता. मी हात काढला नाही. दुसराही हात ठेवला.

कोणी काठी खाली ठेवली नाही. पंपवाला म्हणाला, फोड येतात का बघू, आणि सगळे माझ्या हाताकडे बघत उभे राहिले. मीही बघत होतो. काशीबाईने माझी मनगटं उलटीपालटी करून सगळ्यांना दाखवली, मुलगी दाखवतात तशी. फोड आले नाहीत. पंपवाल्याने पट्टा सोडला, पंप बांधावर ठेवला आणि उगाच त्याच्या नळीशी खेळत बसला. काठ्या हळूहळू पाठीमागे गेल्या. कोणीतरी बाबांना बिस्किटं आणून दिली.

दौलत त्यांच्या पायाशी बसला होता. त्याच्या सदऱ्यातून फोटो खाली पडला. बाबांनी तो उचलला, लांब धरला, जवळ धरला. कोळ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते चेहऱ्याकडे बघत होते.

"हाऊ म्हातारा कोन शे?" त्यांनी विचारलं.

दौलतने त्यांच्या पायावरची माती पुसली.

"नामपूरना शे, मामा," तो म्हणाला. "हरपेल व्हता. आते सापडी गया."

बाबांनी फोटो नीट मांडीवर ठेवला आणि चहाचा उरलेला घोट घेतला.

"बरं व्हयनं," ते म्हणाले. "त्यानी पोर रडत व्हई."